जटावाल्या बाबाची कॅसेट

वडील गेल्यानंतरची शिवगणाराधना झाली, जंगमस्वामी गेले, निलंग्याचे पाहुणे सकाळच्या एसटीनं मार्गी लागले, आणि रिकाम्या घरात शिवकांतेनं टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं. एवढंच तिनं केलं. पुढं जे झालं त्यात आपला काही दोष नव्हता, असं ती अजूनही शांतपणे सांगते, आणि इतकं शांतपणे सांगते म्हणूनच ऐकणाऱ्याला संशय येतो.

टेपरेकॉर्डर तिनंच दिलेला. अप्पांनी, म्हणजे तिच्या वडलांनी, गुरुबसप्पांनी, गंज बाजारातलं भांड्यांचं दुकान बंद केलं आणि ते दिवसभर घराच्या ओट्यावर बसायला लागले. बसून करणार काय, म्हणून दिवाळीला येताना तिनं नांदेडहून हे यंत्र आणलं, सोबत शिवभजनांच्या कॅसेटींचा एक गठ्ठा. कॉलेजच्या ग्रंथालयात उमर घालवलेल्या बाईनं द्यावी तशीच ती भेट होती. उपयुक्त, टिकाऊ, आणि घेणाऱ्याला न विचारता निवडलेली. आता कपाट आवरताना तो गठ्ठा जसाच्या तसा सापडला. वरचा चकचकीत कागदसुद्धा कुणी फाडला नव्हता. शिवकांतेनं तो तसाच परत ठेवला. मग तिला वाटलं, यंत्राच्या पोटात एक कॅसेट आहे, ती कशाची आहे ते तरी बघावं. अप्पा शेवटी शेवटी काय ऐकत होते, इतकंच तिला समजून घ्यायचं होतं.

आधी खरखर झाली. मग ढोलासारखं काहीतरी, मग जमिनीतून यावा तसा एक जाड सूर, आणि मग एक पुरुष गायला लागला. भाषा इंग्रजी होती, पण पुस्तकातली नव्हे. ताल तर भलताच. जिथं ठोका पडायला पाहिजे तिथं तो पडतच नव्हता. आपण मान डोलवायला जावं तर मान हवेत लटकून राही, आणि मग पलीकडं कुठंतरी, आपण सोडून दिल्यावर, टुक्‌ करून तो येई. शिवकांतेची मान अशी हवेत असतानाच बाहेर पत्र्याचा, पितळेचा आणि प्लास्टिकचा एकदम आवाज झाला.

दार उघडून बघते तर ओट्यापासून कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत माणसांची रांग. घागरी, हंडे, बादल्या, तेलाचे डबे. एका गृहस्थाची अर्धीच दाढी झालेली. सगळ्यांच्या माना मोठ्या रस्त्याकडं वळलेल्या.

"कुठाय?" अर्ध्या दाढीनं विचारलं.

"कोण?"

"आता कोण म्हणजे! टँकर!"

"मला काय माहीत?"

"मंग गाणं कशापायी लावलंत?"

वडील गेल्यावर लोक भेटायला येतात तेव्हा काय बोलायचं हे शिवकांतेला आता पाठ झालं होतं. पण घागरी घेऊन आलेल्या लोकांशी काय बोलावं, हे कुठल्याच पुस्तकात तिनं वाचलेलं नव्हतं. गल्ली परत फिरली ती पाय आपटत. एका बाईनं जाता जाता म्हटलं, "शिकलेली माणसं म्हणं."

समोरच्या सिद्धम्माकाकू मात्र गेल्या नाहीत. त्यांनी घागर पालथी घातली, तिच्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "तुला अप्पानं काहीच सांगितलं न्हाई व्हय गं?"

"काय सांगायचं होतं?"

"हे गाणं भलत्या येळी लावायचं नसतं. हे पाण्याचं गाणं हाय."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. लातूर जिल्हा होऊन तीनचार वर्षं झाली होती आणि पाऊस जणू जुन्याच जिल्ह्याच्या हिशेबात राहून गेला होता. नळ कोरडे. टँकर यायचा, पण कधी यायचा ते टँकरलाही ठाऊक नसायचं. त्यात कोपऱ्यावर बाळंतिणींचा दवाखाना झाला आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हॉर्न वाजवायचा नाही, लेकरं दचकतात. तेव्हापासून टँकर मांजरासारखा यायचा, लिंबाखाली उभा राहायचा आणि ज्यांनी बघितला त्यांना पाणी देऊन निघून जायचा. उरलेल्या गल्लीला चिखलावरून कळायचं.

अप्पांच्या ओट्यावरून मोठा रस्ता दिसायचा. नवं यंत्रही घरात होतं. टँकर वळताना दिसला की गाणं लावायचं, असं ठरलं. प्रश्न होता, कोणतं.

"पैल्यांदा देवळातनं आणून आरती लावली," काकू म्हणाल्या. "तर लोकं चपला काढून, हात जोडून उभी राहिली. आरती मधीच सोडून पाण्याला कसं जायाचं? आरती सरली तवर टँकर बी सरला. मंग सनई लावली. तर बाया जरीची लुगडी नेसून आल्या, कुणाचं लगीन हाय मनून. एकीनं तर आहेर आणला. मंग लावणी लावली."

"अप्पांनी? लावणी?"

"गल्लीसाठी गं. तर नुसते बाप्येच आले. रिकाम्या हातानं. मंग इलेक्शनचं गाणं लावलं, तर समद्यांनी दारं लावून घेतली." काकूंनी श्वास घेतला. "शेवटी तुजा अप्पा गंजात गेला, शेषेरावाच्या कॅसेटच्या दुकानात. म्हणला, ज्याला देव न्हाई, लगीन न्हाई, पुढारी न्हाई, असं एक गाणं दे. आन् हे घेऊन आला. तवापासून एक डाव चुकलं न्हाई बघ. हे वाजलं की पाणी. दुसरं काही असूच शकत न्हाई."

"पण हे गातंय कोण?"

"तेबी साधूच हाय कुणीतरी. ये, दाखवते."

कॅसेटचं वेष्टन काकूंच्या देवघरात होतं. बसवेश्वरांच्या तसबिरीशेजारी एक सावळा माणूस हसत उभा होता. कमरेपर्यंत लोंबणाऱ्या जटा, डोळे अर्धे मिटलेले, मागं कसला तरी धूर. काकूंनी त्याच्या कपाळाला न चुकता तीन बोटं विभूती लावली होती. "जटा बघ की," त्या म्हणाल्या. "हिमालयातला असंल. भाषा मातर तेलगू वाटती."

पलीकडच्या घरातले देगलूरचे मास्तर तेलुगू जाणत. त्यांच्या मते ती कानडी होती. कानडी जाणणारे म्हणत, उर्दूच आहे, जरा जुनी. शिवकांतेनं विभूती हलकेच बाजूला सारून वाचलं. गाणारा होता एझ्रा पामर. कॅसेटचं नाव 'लँटर्न स्ट्रीट'. प्रकार रेगे, जमैका नावाच्या बेटावरचा. आणि कोपऱ्यात सोनेरी टिकलीत छापलं होतं की ही कॅसेट जगभर लाखांनी खपली आहे.

जमैका कुठं आहे हे शिवकांतेला माहीत होतं. तिथं ऊस होतो आणि पाऊस पडतो, हेही. तिथला माणूस अप्पांच्या यंत्रात कसा, एवढंच कळेना.

त्यासाठी ती गंजात गेली. शेषेरावांनी आधी "शरणार्थ, ताई" म्हणून हात जोडले, अप्पा कसे देवमाणूस होते ते सांगितलं आणि मग ते खुलले.

"मुंबईच्या पार्सलात चुकून आली बगा. भजनाच्या पेटीत. जटा बघून तिकडच्या गड्याची बी फसगत झाली असंल. वर्षभर धूळ खात पडली व्हती. लाखांनी खपली म्हणं. खपली असंल. लातुरात एक खपली, ती तुमच्या वडलांनी नेली."

"ते काही बोलले का तिच्याबद्दल?"

"लई बोलायचे. म्हणायचे, शेषेराव, ह्या बाबाला घाई न्हाई बघा. ह्याच्या उलट्या बाजूला तिसरं गाणं हाय, त्यात तो गातच न्हाई बराच येळ, नुसता उभा राहातो. आन् मंग विचारायचे, ह्याच बाबाची दुसरी आली का? सेल न्यायला आले की दर खेपेला विचारायचे. सेल तर लई लागायचे त्यांना."

शिवकांता सेल न घेताच निघाली होती, ती थबकली. टँकर आठवड्यातून एकदोनदा येणार, त्याला वाजणार पहिलंच गाणं, तेही अर्धं. इतक्याला सेल किती लागावेत? आणि उलट्या बाजूचं तिसरं गाणं अप्पांनी ऐकलं कधी? ते वाजवलं असतं तर गल्ली पालथी झाली असती.

आता मात्र तिला ती कॅसेट अथपासून इतिपर्यंत ऐकायचीच होती. माणूस गेल्यावर लोक त्याच्या चष्म्याकडं, काठीकडं बघत बसतात. शिवकांतेला तसलं काही जमत नव्हतं. पण जे गाणं त्यांनी इतकं ऐकलं ते एकदा पूर्ण ऐकावं, त्यात त्यांना काय सापडलं ते शोधावं, हे तिला जमण्यासारखं वाटलं. वाचायचं राहिलेलं पुस्तक वाचण्यासारखंच ते होतं. मागणं फार नव्हतं.

संध्याकाळी नरसिंगराव आले. नरसिंगराव हे गल्लीचे अध्यक्ष. कशाचे, ते विचारायचं नसतं. नोकरीत असताना ग्रामसेवक होते आणि निवृत्त झाल्यापासून जास्तच झाले होते.

"ताई, दुःखाच्या प्रसंगी बोलू नये," ते खुर्ची ओढत म्हणाले, "पण सकाळच्या प्रकारानं जनतेत गैरसमज पसरलाय. ती कॅसेट म्हणजे, तसं बघितलं तर, सार्वजनिक मालमत्ता हाय."

"अप्पांनी विकत घेतलेली आहे ती."

"घेतली त्यांनी, ऐकली गल्लीनं. येत्या रविवारी बैठक हाय. कॅसेट ताब्यात द्यावी. माझ्या कपाटात कुलपात राहील. टँकर आला की काढू."

"मी सोमवारी नांदेडला चाललेय. एकदा ऐकून, तिथनं पाठवून देते की."

नरसिंगरावांनी मान हलवली. "जिल्ह्याबाहेर न्यायची न्हाई. आधीच ह्या जिल्ह्याला सगळं यायचं राहिलंय." मग त्यांनी आवाज खाली आणला. "आन् दुसरी एक विनंती. अप्पांच्या कानाचं यंत्र. आता त्यांना काय उपयोग? आमच्या आईला, सरजाबाईला, आजकाल काहीच ऐकू येत न्हाई."

"बघते सापडलं तर," शिवकांता म्हणाली आणि पाणी आणायच्या निमित्तानं आत गेली. पाणी अर्थात नव्हतं. पण थोडा वेळ आत उभं राहता आलं.

अप्पांचे कान गेले होते, हे तिला होळीला आली तेव्हा कळलं होतं. ते ओट्यावर बसलेले, मांडीवर पंचा, कानात ते यंत्र. ती रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल बोलायची आणि ते डोळे अर्धे मिटून भलत्याच ठिकाणी मान डोलवायचे. दोनतीनदा हाक मारली की बुडी मारून वर यावं तसं "काय?" म्हणायचे. सगळी गल्ली त्यांच्याशी ओरडून बोलायची. तीही ओरडून बोलली. ग्रंथालयात पंचवीस वर्षं कुजबुजलेल्या गळ्याला ते फार जड गेलं. परत जाऊन तिनं कानात घालायचे थेंब पाठवले होते. ती बाटलीही आता कपाटात भरलेलीच सापडली.

कॅसेट ऐकायचे तिचे पुढचे प्रयत्न थोडक्यात सांगण्यासारखे आहेत, पण ते थोडक्यात झाले नाहीत. आवाज बारीक करावा म्हटलं, तर अप्पांनी आवाजाचं बटण पूर्ण फिरवून त्यावर चिकटपट्टी मारलेली. ती तिनं सोलली तर बटणच हातात आलं. मग तिनं यंत्र आतल्या खोलीत नेऊन वाकळेत गुंडाळलं आणि स्वतःही वाकळेत शिरली. उन्हाळ्यात लातूरला वाकळेत शिरणारी ती बहुधा पहिलीच ग्रंथपाल असेल. पण दुष्काळात गल्लीचे कान फार तिखट झालेले असतात. पहिलं कडवं संपायच्या आत सिद्धम्माकाकू घागर घेऊन खोलीच्या दारात उभ्या होत्या, आणि वाकळेतून घामाघूम डोकं वर आलेलं बघून त्या इतकंच म्हणाल्या, "रडायचं असंल तर मोकळं रड की पोरी. वाकळ कशाला?"

आपण रडत नव्हतो हे सांगणं रडण्यापेक्षा अवघड होतं. शिवकांतेनं वाकळेची घडी घातली.

मग सल्ले सुरू झाले. गिरणीवाला म्हणाला, गिरणी चालू असताना ऐका, काही कळणार न्हाई. हे खरंच होतं. तिला स्वतःलाही काही कळलं नसतं. देगलूरचे मास्तर म्हणाले, स्मशानात जाऊन ऐका, तिथं घागर घेऊन कोण येतंय? तिनं त्यांच्याकडं असं बघितलं की ते तेलुगूत माफी मागून निघून गेले. शेवटी तिनं स्वतःच विचार केला, की टँकरची वेळ जर सरकारकडून ठरवून घेतली, तर बाकीच्या वेळी गाणं वाजलं तरी कुणी धावणार नाही. विचार सरळ होता. सरळ विचार घेऊन सरकारी कचेरीत जायची चूक शिकलेलीच माणसं करतात.

टंचाईचं काम बघणारी कचेरी गल्लीच्या मागंच, एका भाड्याच्या घरात होती. जिल्ह्याच्या नव्या इमारती व्हायच्या होत्या, तोवर फायली स्वयंपाकघराच्या फळ्यांवर, डाळींच्या जागी मांडल्या होत्या. कारकून चुलीच्या जागी बसला होता.

"टँकरची वेळ ठरवून मिळेल का?"

"वेळ ठरली असती तर टंचाई कशाला म्हणले असते, बाई? जिल्हा नवीन हाय."

"म्हणजे बाकीच्या वेळी मला गाणं ऐकता येईल."

कारकुनानं टाक खाली ठेवला. "गाणं." त्यानं समोरची फाईल मिटली. "चाऱ्यासाठी लोक येतेत. विहिरीसाठी येतेत. गाण्यासाठी अजून कुणी आलं नव्हतं. मंग तुमाला परवानगीच घ्यावी लागंल. प्रकार कोणता? धार्मिक, वैवाहिक, राजकीय, का शैक्षणिक?"

"ह्यातलं कोणतंच नाही."

"मंग ते गाणं नसंल."

शिवकांतेनं पिशवीतून यंत्र काढलं. "हे आहे."

"ऐकल्याबिगर ठरवता येणार न्हाई," कारकून म्हणाला, आणि तिच्या मनात एकदम उजेड पडला. सरकारच्या आज्ञेनं, सरकारी जागेत, अख्खी कॅसेट ऐकायला मिळणार होती! तिनं बटण दाबलं, पदर सावरला आणि भिंतीला टेकून डोळे मिटले.

पण टँकर गल्लीतून निघाला की ह्या कचेरीच्या मागच्या क्वार्टरांकडं जात असे, आणि भिंतीपलीकडून येणारं गाणं ऐकून क्वार्टरांनीही भांडी मांडायची सवय लावून घेतली होती, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आधी शिपाई नाहीसा झाला आणि माठ घेऊन आला. मग मागच्या दारानं बायका आल्या. जिन्यावरून साहेबांच्या सौभाग्यवती दोन बादल्या घेऊन उतरल्या आणि कारकुनाला म्हणाल्या, "कुठं उभा केलाय?" आणि आतल्या खोलीतून, हातात पिण्याचा तांब्या घेऊन, साक्षात साहेब बाहेर आले.

सगळ्यांनी यंत्राकडं बघितलं. मग शिवकांतेकडं.

"बाई," साहेब तांब्या पाठीमागं लपवत म्हणाले, "ही कचेरी आहे. इथं शांतता पाळा."

हे वाक्य तिचं होतं. पंचवीस वर्षं ते तिनंच लोकांना ऐकवलं होतं. यंत्र पिशवीत घालून ती बाहेर पडली तेव्हा मागून कारकुनाचा आवाज आला, "बाई, पाणीपुरवठा ह्या सदरात बसंल ते! पण ते सदर अजून मंजूर न्हाई!"

शनिवार उजाडला. दुसऱ्या दिवशी कॅसेट नरसिंगरावांच्या कुलपात जाणार होती. शिवकांतेनं ऐकायचा नाद सोडला, आणि निदान दुसऱ्याचं काम तरी करावं म्हणून कानाचं यंत्र शोधायला लागली. ते अप्पांच्या कोटाच्या आतल्या खिशात निघालं. दुधी रंगाची लहानशी गुंडी, तिला बारीक वायर. पण तिच्या ग्रंथालयातल्या एका प्राध्यापकांच्या यंत्राला खिशात ठेवायची डबी होती. इथं डबी नव्हती. वायरीच्या दुसऱ्या टोकाला नुसती एक चकचकीत पिन होती. हिच्यातनं ऐकू येणार कसं? तिनं कोटाचे सगळे खिसे उलटे केले. डबी नव्हतीच.

पिन हातात धरून ती खोलीत बघत राहिली. टेपरेकॉर्डरच्या कडेला एक लहानसं भोक होतं. ती त्याला इतके दिवस भोकच समजत होती. त्याच्या भोवतीचा काळा रंग मात्र घासून घासून पांढरा झाला होता.

तिनं पिन त्यात घातली. गुंडी कानात घातली. बटण दाबलं.

खोलीत शांतता होती. गल्लीत शांतता होती. समोर सिद्धम्माकाकू शेंगा फोडत बसल्या होत्या आणि त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. आणि शिवकांतेच्या कानात, अगदी मधोमध, एझ्रा पामर गायला लागला.

ती खाली बसली.

म्हणजे अप्पा बहिरे नव्हते. मांडीवरच्या पंच्याखाली यंत्र होतं, कानात गाणं होतं. गल्लीला घागरी घेऊन धावायला लागू नये म्हणून ते एकट्यानं ऐकत होते, आणि गल्ली त्यांना बहिरा समजून ओरडत होती. त्यांनी ओरडू दिलं. लेकीनं मोठ्या हौसेनं भजनं आणली होती, तिला खरं कसं सांगावं, असंही वाटलं असेल. शिवकांता रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल जीव तोडून ओरडत होती तेव्हा ते भलत्या ठिकाणी मान डोलवत होते, असं तिला वाटलं होतं. ते भलतं ठिकाण नव्हतं. ते बरोब्बर ठोक्यावर होते.

तिला हसू आलं. पदर तोंडाला लावून ती हसली आणि मग पदर तिथंच राहिला.

रविवारी दुपारी ती ओट्यावर अप्पांच्या जागी, भिंतीला पाठ लावून बसली. त्यांच्या लिंगायत समाजात गेलेल्या माणसाला निजवत नाहीत, बसवून निरोप देतात. अप्पा त्या दिवशीही इथं बसल्यासारखेच दिसले होते. मांडीवर त्यांचाच पंचा घेऊन तिनं कॅसेट पहिल्यापासून लावली. एक बाजू संपली, तिनं उलटी केली. तिसऱ्या गाण्यात तो खरंच गायचा थांबला. नुसता जाड सूर चालत राहिला, ठोका, मग फट, मग ठोका. आणि ती फट तिच्या ओळखीची निघाली. दुकानाच्या मागं तांबट बसायचे. घाव घालायचे, आणि दोन घावांच्या मधे भांडं हातानं किंचित फिरवायचे. लहानपणी ती कान झाकून घ्यायची तेव्हा अप्पा म्हणत, घाव ऐकू नको, मधलं ऐक; भांडं गोल होतं ते मधेच. दुकान बंद झालं, तांबट गेले, स्टील आलं. तो आवाज लातुरात उरला नव्हता. तो जमैकाहून, भजनांच्या पेटीत चुकून आला होता.

एवढं कळल्यावर पुढची गाणी ती नुसतीच ऐकत राहिली. शेवटचं सुरू झालं तेव्हा नरसिंगराव समोर उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते. मागं बैठकीला जमलेली चारदोन माणसं.

"काय?" शिवकांता म्हणाली.

नरसिंगरावांनी तिच्या कानाकडं बघितलं. चेहरा एकदम मऊ झाला. "अरेरे," ते मागं वळून म्हणाले, "ताईला बी!" आणि मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "कॅसेट! कॅसेट द्या मनलो! यंत्र राहू द्या तुमालाच!"

"बापाचं दुखणं लेकीला आलं बाई," सिद्धम्माकाकू दारातून म्हणाल्या.

शिवकांता उत्तर देणार होती. पण अप्पांच्या जागेवरून मोठा रस्ता दिसतो, आणि त्या रस्त्यावर, दवाखान्याच्या वळणाला, टँकर दिसला. बाकी सगळ्यांची त्याच्याकडं पाठ होती.

कॅसेट शेवटच्या गाण्यावर होती. गल्लीला माहीत होतं ते पहिलं. उलटी करून, मागं नेईपर्यंत टँकर लिंबाखाली उभा राहून निघूनही गेला असता. ओरडावं, तर तिच्या गळ्यातून कुजबुजीपलीकडं काही निघेना. तिनं पिन ओढली.

तिच्या समजुतीनं कुणी कधी न ऐकलेलं गाणं मोठ्या आवाजात गल्लीत पडलं. क्षणभर काहीच झालं नाही. नरसिंगराव तोंड उघडं ठेवून उभे राहिले. मग समोरच्या घरातून घागरीचा आवाज आला. मग शेजारून हंड्याचा. मग गिरणीपासून इकडं सगळी गल्ली खणखणत बाहेर आली, आणि वळून टँकर बघितल्यावर नरसिंगराव अध्यक्षपद विसरून बादली आणायला पळाले. परत येऊन रांगेत लागता लागता ते धापा टाकत ओरडले, "कॅसेट राहू द्या तुमच्याकडंच! पर ओट्यावर बसावं लागंल! नांदेडला कळवून टाका!"

शिवकांतेनं हो म्हणून मान हलवली. रजा शिल्लक होती. तिनं ती कधी वापरलीच नव्हती.

सिद्धम्माकाकू भरलेली घागर कमरेवर घेऊन ओट्याशी थांबल्या.

"काकू, हे दुसरंच गाणं होतं," शिवकांता म्हणाली. "तुम्हाला कळलं कसं?"

काकू तिच्या कानाशी वाकल्या आणि बहिऱ्या माणसाला सांगावं तसं, एकेक शब्द सुटा करत ओरडल्या, "तुजा अप्पा बी लई डाव दुसरंच लावायचा गं! आमाला काय त्याचं? ठोका चुकला की पाणी आलं!"

शिवकांतेला ते स्वच्छ ऐकू आलं होतं. बाळंतिणींच्या दवाखान्यातसुद्धा ऐकू गेलं असेल. तरी तिनं कानामागं हात धरला.

"काय?" ती म्हणाली. "पुन्हा एकदा सांगा."